नकाशाची भाषा आणि तिच्या आवृत्त्या

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. ज्या वस्तूचें वय उणेंपुरें साठ-पासष्ट वर्षें, आणि जी हातांत धरतां येत नाहीं, तिला इतिहास तो कसला, अशी शंका कोणी घेतली तर ती अगदींच गैरवाजवी म्हणतां येणार नाहीं. तरी पण आज मी अशाच एका वस्तूचा इतिहास सांगणार आहें. घर, पूल, मोटार, विमान, फार काय, पाण्याच्या नळाची तोटी, यांपैकीं आज जें जें कांहीं घडविलें जातें त्याचा नकाशा बहुधा आधीं संगणकावर निघतो. तो काढण्याच्या आज्ञावल्यांना थोडक्यांत 'कॅड' असें म्हणतात. ही आज्ञावली यंत्रावर बसविणें, नव्या आवृत्त्या येतील तसतशी ती बदलीत राहणें आणि तिच्या पडद्यावर वाट काढणें, हीं तीन कामें वरवर पाहतां कारकुनी वाटतात. परंतु दोन कचेऱ्यांत एकाच आज्ञावलीच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या बसविलेल्या असल्यामुळें युरोपांतील एका बलाढ्य विमान-कारखान्याला २००६ सालीं असा कांहीं फटका बसला कीं त्याचे मुख्य अधिकारी आपल्या जागा सोडून गेले. त्या प्रकरणापर्यंत मला आज यावयाचें आहे. पण त्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

कागदावरच्या नकाशाचा काळ पुष्कळांना अजून आठवत असेल. उतरतें टेबल, टी-स्क्वेअर, गुण्या, कंपास, शाईचें पेन आणि वर ताणून बसविलेलें ट्रेसिंगचें कापड, हा आरेखकाचा सारा संसार. त्यावरून निळ्या प्रती निघत आणि त्या गवंड्याच्या, सुताराच्या, फिटरच्या हातांत पडत. चुकलेली रेघ पात्यानें खरवडून काढावयाची, आणि एखादी भिंत हातभर सरकविण्याचें साहेबाच्या मनांत आलें तर चारहि तक्ते पुन्हा काढावयाचे. हें काम कष्टाचें होतें यांत संशय नाहीं. पण त्या कागदाचा एक गुण, तो हातचा गेल्यावर, आतां अधिक जाणवतो. शंभर वर्षांपूर्वींच्या पुलाचा नकाशा आज दप्तरांतून काढून उलगडला, तर तो वाचण्यासाठीं डोळे आणि थोडें शिक्षण एवढें पुरतें. ज्या टेबलावर तो काढला गेला तें टेबल शोधून आणावें लागत नाहीं. संगणकाच्या नकाशाचें नेमकें येथेंच वेगळें आहे.

या नव्या विद्येचा आरंभ १९६३ सालांत धरण्याची रीत आहे. तत्पूर्वीं १९५७ त पॅट्रिक हॅनरॅटी यांनीं यंत्रांना अंकांच्या द्वारें हुकूम देणारी 'प्रोंटो' नांवाची आज्ञावली तयार केली होती. परंतु पडद्यावर रेघ ओढून संगणकाशीं बोलण्याची कल्पना खऱ्या अर्थानें उभी केली ती आयव्हन सदरलँड या तरुण विद्यार्थ्यानें. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेत त्यांनीं जो प्रबंध सादर केला, त्याचें मार्गदर्शन क्लॉड शॅनन यांच्यासारख्या थोर गणितज्ञाकडे होतें. लिंकन प्रयोगशाळेंतील 'टीएक्स-२' नांवाच्या खोलीभर पसरलेल्या संगणकावर त्यांनीं 'स्केचपॅड' ही आज्ञावली चालविली. एका हातांत प्रकाश-लेखणी, दुसऱ्या हाताखालीं बटणें, आणि समोर सात इंचांचा पडदा. लेखणीनें चार वेड्यावांकड्या रेघा ओढाव्या आणि बटण दाबून सांगावें कीं या दोन समांतर कर, त्या दोन काटकोनांत आण. कीं आकृति आपोआप नीट बसे. पुलाच्या कैंचीचें चित्र काढून तिच्या कोणत्या दांड्यावर किती भार येतो हेंहि तींत पाहतां येई.

या प्रबंधांतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. सात इंचांच्या पडद्यावर मोठा नकाशा मावावयाचा कसा? सदरलँड यांनीं पडद्याला कागद मानलें नाहीं. त्यांनीं त्याला खिडकी मानलें. कागद पाठीमागें अफाट पसरलेला आहे आणि खिडकी त्यावरून हवी तिकडे न्यावी, हवी तितकी जवळ आणावी. सुमारें दोन हजार पटींपर्यंत मोठें करून पाहण्याची सोय तींत होती, म्हणजे सात इंचांच्या खिडकीमागें चौदा हजार इंच, अकराशें फुटांहून अधिक लांबीचा कागद! आज कोणताहि आरेखक माउसचें चाक फिरवून नकाशाच्या जवळ जातो किंवा दूर येतो, तेव्हां तो त्याच खिडकींतून पाहत असतो.

'स्केचपॅड' बसवावी कशी, हा प्रश्न मात्र कोणापुढें पडला नाहीं, कारण ती ज्या यंत्रासाठीं लिहिली गेली तसें यंत्र एकच होतें. दुसऱ्या कोणत्याहि यंत्रावर ती जशीच्या तशी चालली नसती. सदरलँड यांचा प्रबंध आजहि वाचावयास मिळतो, कारण तो कागदावर होता.

पुढचीं पंधरा-वीस वर्षें ही विद्या मोटारींच्या व विमानांच्या कारखान्यांत कुलुपबंद राहिली. एका बैठकीची किंमत लाखाहून अधिक डॉलर पडे. साध्या घरांचे नकाशे काढणाऱ्यानें तिकडे पाहूं नये. फ्रान्समध्यें सित्रोएँच्या कारखान्यांत पॉल द कास्तेल्झो यांनीं १९५९ च्या सुमारास मोटारीच्या वळणदार पत्र्याचे आकार गणितानें बांधण्याची युक्ति काढली. पण मालकांनीं ती गुप्त ठेविली. रेनोच्या कारखान्यांतील पिएर बेझिए यांनीं त्याच जातीची रीत स्वतंत्रपणें शोधून प्रसिद्ध केली, आणि त्या वक्ररेषा जगभर बेझिए यांच्या नांवानें ओळखल्या जाऊं लागल्या. झांकून ठेवलेल्या विद्येचें श्रेय असें हातचें जातें. याच फ्रान्समध्यें दासो या लढाऊ विमानें बनविणाऱ्या कारखान्यानें १९७७ त स्वतःच्या उपयोगासाठीं एक आज्ञावली लिहावयास घेतली. १९८१ त तिच्यासाठीं 'दासो सिस्तेम' ही निराळी कंपनी निघाली आणि आज्ञावलीला 'कॅटिया' हें नांव मिळालें. या कंपनीची एक मोठी शाखा पुढें आपल्या पुण्यांतहि निघाली. हें नांव श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. त्याच्याकडे आपल्याला परत यावयाचें आहे.

सामान्य माणसाच्या टेबलावर ही विद्या आली ती १९८२ सालीं. कॅलिफोर्नियांत जॉन वॉकर यांनीं आपल्यासारख्याच कांहीं आज्ञावलीकारांना गोळा करून 'ऑटोडेस्क' नांवाची कंपनी काढली. गंमत अशी कीं ज्या मालावर त्यांची भिस्त होती तो नकाशांचा नव्हताच, कचेरीच्या कामाचा होता. मायकेल रिडल यांनीं पूर्वींच लिहिलेली 'इंटरॅक्ट' ही आरेखनाची आज्ञावली त्यांनीं पुढें केलेल्या पांच-सहा वस्तूंपैकीं एक म्हणून सुधारून घेतली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत लास व्हेगास येथील प्रदर्शनांत ती 'ऑटोकॅड' या नांवानें मांडतांच लोक तिच्याभोंवतीं जमले, आणि बाकीच्या वस्तु मागें पडल्या. किंमत सुमारें एक हजार डॉलर. लाखाच्या ठिकाणीं हजार, हा फरक एवढा मोठा होता कीं तिच्यांतील उणिवांकडे काणाडोळा करणें गिऱ्हाइकाला कठीण गेलें नाहीं.

परंतु स्वस्त यंत्राचा भार मालकाच्या डोक्यावर येतो. मोठ्या कारखान्यांत संगणक बसविण्यास विक्रेत्याचीं माणसें येत. आतां तें काम आरेखकावर पडलें. आज्ञावली लवचिक तबकड्यांच्या जुडग्यांत येई, आणि त्या एकामागून एक यंत्राच्या तोंडांत घालीत बसावें लागे. त्यानंतर यंत्र एक एक यादी पडद्यावर मांडी: पडदा कोणत्या जातीचा, टेबलावरची पाटी कोणत्या कंपनीची, नकाशा उतरविणारें प्लॉटर कोणतें? प्रत्येकापुढें योग्य तो आंकडा लिहावयाचा. एक आंकडा चुकला कीं पडदा काळाठिक्कर! अमेरिकेबाहेर विकलेल्या प्रतींबरोबर एक लहानसें कुलूपहि येई; तें यंत्राच्या पाठीमागें खोंचलें नाहीं तर आज्ञावली चालत नसे. १९८७ सालची नववी आवृत्ति आली तेव्हां तर गणिताची निराळी चिप विकत घेऊन यंत्रांत बसविल्यावांचून ती सुरूच होईना. अशा रीतीनें आज्ञावलीची नवी आवृत्ति घेणें म्हणजे पुष्कळदां नवें यंत्र घेणें होऊन बसलें, आणि ही तक्रार आजतागायत मिटलेली नाहीं.

पडद्यावर वाट काढण्याचा प्रकार त्याहून मजेचा आहे. प्रारंभीं आरेखकानें इंग्रजी शब्द टंकून हुकूम द्यावयाचा. रेघेला एक शब्द, वर्तुळाला एक, जवळ जाण्याला एक. सरावलेल्या माणसानें लवकरच एकाक्षरी खुणा पाठ केल्या. डावा हात अक्षरांवर आणि उजवा माउसवर, अशी जी बैठक त्या काळीं पडली ती अनेकांची आयुष्यभर टिकली. उघडझांप करणाऱ्या यादीचे पडदे नवव्या आवृत्तींत आले. २००८ सालीं निघालेल्या '२००९' या आवृत्तीनें चित्रांची रुंद पट्टी वर आणली. आणि '२०१५' च्या आवृत्तींतून जुनी मांडणी काढूनच टाकली. दर खेपेस जुन्या आरेखकांनीं कुरकुर केली. त्यांची बाजू मला तरी समजते. सुताराच्या पेटींतील हत्यारें रात्रींतून कोणी निराळ्या कप्प्यांत मांडून ठेवलीं, आणि वर नवी मांडणी अधिक सुंदर आहे असें सांगितलें, तर त्या सुतारानें काय म्हणावें? हुकूम टंकण्याची ती जुनी ओळ मात्र कोणाला काढून टाकण्याचें धाडस झालें नाहीं. नकाशा फिरवून पाहण्यासाठीं माउसचें कोणतें बटण दाबावें याविषयीं तर प्रत्येक कंपनीचा शिष्टाचार वेगळा. 'फ्रीकॅड' या, २००२ सालीं सुरू झालेल्या मुक्त व विनामूल्य आज्ञावलीच्या कर्त्यांनीं या भांडणांत न पडतां शहाणपणाचा मार्ग काढला: निरनिराळ्या आज्ञावल्यांच्या चाली त्यांनीं यादींत मांडून ठेविल्या आणि ज्याला जी संवय असेल ती त्यानें निवडावी असें सांगितलें.

आतां आवृत्तींच्या मुख्य प्रश्नाकडे वळूं. ऑटोकॅडनें काढलेला नकाशा 'डीडब्ल्यूजी' नांवाच्या फाइलींत साठविला जातो. या फाइलीच्या अगदीं आरंभीं सहा अक्षरांचा एक शिक्का असतो. तो फाइल कोणत्या आवृत्तीच्या भाषेंत लिहिली आहे तें सांगतो. १९९२ च्या बाराव्या आवृत्तीचा शिक्का 'एसी १००९', १९९४ च्या तेराव्या आवृत्तीचा 'एसी १०१२', १९९७ च्या चौदाव्या आवृत्तीचा 'एसी १०१४', अशी ही वंशावळ आहे. नवी आज्ञावली जुना शिक्का ओळखते. जुनी आज्ञावली नवा शिक्का पाहून फाइल उघडण्यास नकार देते. यामुळें एका गांवांतील एकाच वास्तुशास्त्रज्ञानें नवी आवृत्ति घेतली, तर त्याचा नकाशा वाचण्यासाठीं बांधकामाचा हिशेब करणाऱ्यास, नळवाल्यास, विजेच्या कंत्राटदारास सर्वांसच ती घेणें भाग पडूं लागलें. जाहिरातीवर जें साधलें नसतें तें या सहा अक्षरांनीं साधलें.

मागच्या आवृत्तीच्या भाषेंत उतरवून देण्याची सोय होती, पण ती कशी होती याचा एक मासला सांगतों. बाराव्या आवृत्तीपर्यंत लंबवर्तुळ म्हणजे कमानीचे तुकडे जोडून केलेली नक्कल असे. तेराव्या आवृत्तींत गणिताच्या खऱ्या व्याख्येचें लंबवर्तुळ आलें. तो नकाशा बाराव्या आवृत्तीसाठीं उतरविला कीं खऱ्या लंबवर्तुळाचे पुन्हा तुकडे होत. डोळ्यांना फरक दिसत नसे. परंतु परत नव्या आवृत्तींत आणल्यावर त्या तुकड्यांचें लंबवर्तुळ कांहीं होत नसे. त्यांतून ही तेरावी आवृत्ति संथ आणि चुकांनीं भरलेली निघाली. दुरुस्तीच्या तबकड्या एकीमागून एक आल्या तरी पुष्कळ कचेऱ्या बारावीवरच ठाण मांडून बसल्या, आणि चौदावी येईपर्यंत हालल्या नाहींत.

आपल्या पेशवे दप्तरांतील मोडी कागद ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना ही अवस्था अपरिचित वाटणार नाहीं. कागद शाबूत आहे, शाई ताजी आहे, आणि वाचणारा शोधावा लागतो. फरक इतकाच कीं मोडी शिकावयास कोणाचा परवाना लागत नाहीं. डीडब्ल्यूजीची घडण कंपनीनें जाहीर केलेली नव्हती. देवघेवीसाठीं 'डीएक्सएफ' नांवाची एक उघडी भाषा तिनें प्रथमपासून दिली होती हें तिच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. पण तींत सर्वच गोष्टी उतरत नसत. शेवटीं १९९८ सालीं इतर आज्ञावलीकारांनीं एक संघ स्थापून ती बंद फाइल अक्षर-अक्षर उकलून काढण्याचा उद्योग आरंभिला, आणि त्यांतून २००६-०७ त कोर्टकज्जाहि झाला. पुढें २०१६ त ऑटोडेस्कनें आपल्या आज्ञावल्या कायमच्या विकणें बंद करून वर्षाच्या किंवा महिन्याच्या वर्गणीनें देण्यास सुरुवात केली. गणपतीची प्रतिष्ठापना आणि विसर्जन हीं जशीं एकाच पंचांगांत छापलेलीं असतात, तशी आतां आज्ञावली बसवितांनाच तिची जाण्याची तारीखहि ठरलेली असते!

येथवर जें सांगितलें तें गैरसोयीचें आणि खर्चाचें झालें. आतां मघां उल्लेखिलेलें प्रकरण. एअरबस या युरोपीय कंपनीनें 'ए-३८०' हें दुमजली महाविमान बांधावयास घेतलें. पंख ब्रिटनमध्यें, शेपूट स्पेनमध्यें, धडाचे पुढचे व मागचे मोठे भाग जर्मनींत हँबर्ग येथें, आणि सर्वांची जुळणी फ्रान्समध्यें तुलूझ येथें, अशी वांटणी होती. एकेका विमानांत सुमारें एक लाख तारा, आणि त्या टोकाला टोक जोडल्या तर लांबी ५०० किलोमीटरांहून अधिक. नकाशे सर्वत्र 'कॅटिया'वरच निघत होते. पण तुलूझला कॅटियाची पांचवी आवृत्ति बसविलेली होती आणि हँबर्गला चौथी.

नांव एक असलें तरी या दोन आवृत्त्या म्हणजे थोरला-धाकटा भाऊ नव्हेत. पांचवी आवृत्ति पायापासून नव्यानें लिहिलेली होती. चौथीचा आकार पांचवींत आणतां येई. पण तो आकार कोणत्या क्रमानें, कोणत्या मापांवरून घडला ही त्याची कुळकथा पुष्कळदां वाटेंत गळून पडे, आणि मग एका बाजूस झालेला बदल दुसऱ्या बाजूस आपोआप पोंचत नसे. त्यांत वजन वांचविण्यासाठीं कांहीं ठिकाणीं तांब्याऐवजीं ॲल्युमिनियमच्या तारा घेतल्या होत्या. त्या तांब्याच्या तारेइतक्या सहज वळत नाहींत. त्यांना वळण मोठें लागतें, म्हणजे तारहि जास्त लागते. शिवाय प्रत्येक विमानकंपनीला आंतली रचना आपल्या पसंतीची हवी, म्हणून तारांचे नकाशे सारखे बदलत होते. हँबर्गहून आलेले भाग तुलूझला जोडावयास घेतले, तों तारांच्या जुड्या कांहीं सेंटिमीटरांनीं अपुऱ्या पडूं लागल्या.

शंभर मीटरांच्या तारेंत चार बोटें कमी पडलीं तर काय बिघडलें, असें एखाद्याला वाटेल. पण विमानांतील तार ओढून ताणून बसवीत नाहींत. ती काढावयाची, नवी करावयाची, तिच्या वाटेंतील कडीन् कडी पुन्हा लावावयाची. शेकडों जर्मन कामगार हँबर्गहून तुलूझला येऊन विमानांच्या पोटांत शिरून हें काम हातानें करूं लागले. १३ जून २००६ रोजीं कंपनीनें विलंब जाहीर केला. दुसऱ्या दिवशीं तिच्या मूळ संस्थेच्या शेअरांचा भाव एका दिवसांत सुमारें शेंकडा २६ नें कोसळला. जुलैच्या आरंभीं एअरबसचे प्रमुख गुस्ताव हुंबर्ट आणि मूळ संस्थेचे सहप्रमुख नोएल फोर्झार यांनीं राजीनामे दिले. ऑक्टोबरांत पुन्हा विलंब जाहीर झाला, आणि २०१० पर्यंतच्या नफ्यांत ४८० कोटी युरोंची तूट येईल असा अंदाज कंपनीनेंच मांडला.

सारा दोष आज्ञावलीच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. चौथी आणि पांचवी आवृत्ति एकत्र नांदत नाहींत, हें दोन्ही गांवच्या आरेखकांना ठाऊक नसेल असें मानणें कठीण आहे. हँबर्गच्या लोकांनीं चौथीवर वर्षानुवर्षें हात बसविला होता. काम अर्ध्यावर असतां हत्यार बदला म्हणणें सोपें नव्हतें, आणि दोन देशांचा मान राखून चालणाऱ्या कंपनींत तसा हुकूम सोडण्याची जबाबदारी कोणी घेतली नाहीं. आवृत्ति बदलण्याचा निर्णय यंत्रशाळेंतला समजला गेला, आणि तो वरच्या मजल्यावर पोंचला तेव्हां तारा कापून झाल्या होत्या. अमेरिकेंत बोइंगनें '७७७' हें विमान याच कॅटियाच्या त्यावेळच्या आवृत्तीवर अथपासून इतिपर्यंत काढलें होतें आणि तें १९९४ त उडालेंहि होतें. तेव्हां विद्या अपुरी होती असेंहि म्हणतां येत नाहीं.

पहिलें ए-३८० सिंगापूर एअरलाइन्सच्या हातीं पडलें तें १५ ऑक्टोबर २००७ रोजीं. विमान उत्तम निघालें, प्रवाशांना आवडलें; पण हरवलेलीं दोन वर्षें परत आलीं नाहींत, आणि २०२१ सालीं त्याचें उत्पादन थांबलें. मध्यंतरीं एअरबसनें 'ए-३५०' हें विमान हातीं घेतलें होतें. त्या खेपेस निरनिराळ्या देशांतील सर्व भागीदारांनीं एकाच सामाईक संगणकीय प्रतिकृतीवर काम करावयाचें असा दंडक घालण्यांत आला. तें विमान १४ जून २०१३ रोजीं तुलूझहून प्रथम उडालें.